डाव्या बाजूचे चेंडू

आमच्याकडे शूटिंगबॉलला नुसतं 'शूटिंग' म्हणतात. जाळं व्हॉलीबॉलचंच, पण एकानं चेंडू उचलून द्यायचा आणि दुसऱ्यानं ऐटीत मारायचा, असला शहरी कारभार इथे नाही. दोन्ही हात एकमेकांत बांधायचे आणि समोरून चेंडू जसा येईल तसा परत हाणायचा. जाळ्यापाशी एक जण उभा असतो, त्याला नेटमन म्हणतात. बाकीचे मागे. मागच्या रांगेत मधोमध जो उभा असतो त्याच्यावर सगळ्यात जास्त मार येतो, आणि आमच्या गावच्या संघात ती जागा माझी होती. मी शाळेत मास्तर. पोरांना वर्गात मी फारसा आवडत नसे, पण मैदानावर तीच पोरं माझ्या नावानं शिट्ट्या मारायची, म्हणून मी ती जागा सोडली नाही. माझ्या बरोबरीचे गडी कधीच बांधावर बसून सल्ले द्यायला लागले होते.

आमचं गाव वडनेर भोलजीहून आत फुटणाऱ्या रस्त्यावर आहे. दर उन्हाळ्यात गावात स्पर्धा असते आणि जिंकणाऱ्याला एक ढाल मिळते. ढाल दिसायला काही खास नाही. लाकडावर पत्रा ठोकलेली आहे, आणि तो पत्राही आमच्या कप्तानानंच आपल्या वेल्डिंगच्या दुकानात दोनदा डागून दिलेला. पण ती गावाबाहेर जाऊ द्यायची नाही असा आमचा पण. कप्तान म्हणजे आमचा नेटमन. मी त्याला भाई म्हणतो, तो मला मास्तर म्हणतो. आम्ही मिसरूड फुटायच्या आधीपासून सोबत खेळत आलो. तो जाळ्यापाशी वाकला की पाठीमागे मी कुठे आहे हे त्याला न बघता कळायचं.

त्या वर्षी अंतिम सामन्याला जळगाव जामोदकडचा एक पगारी संघ आला. तिकडच्या एका कापसाच्या व्यापाऱ्यानं तो बांधला होता. गडी कागदोपत्री त्याच्या जिनिंगमध्ये कामाला, पण खरं काम म्हणजे गावोगाव जाऊन सामने जिंकणं. जो जिंकून देत नाही त्याला घरी पाठवायचं, इतका सरळ हिशेब. त्या संघात मारणारा गडी होता तो माझा जावई.

सोयरीक जुळवताना मीच हट्ट धरला होता. बायको म्हणाली होती, "खेळून कोनाचं पोट भरते?" मी म्हणालो होतो, "याचं भरते." पोरगा मारायचाच तसा. चेंडू त्याच्या मुठींवर आला की मागच्या गड्यानं नुसतं तोंड वाचवायचं. सासरा जावयाचं घर-शेत बघतो, मी त्याची मनगटं बघितली आणि मुलगी दिली.

आता डोळ्याचं सांगतो. होळीच्या आसपास मला संध्याकाळी चेंडू दोन दिसायला लागले. उजव्या डोळ्याला काही नव्हतं. डाव्यापुढे मात्र दुधाची साय आल्यासारखं व्हायचं, आणि मावळतीचं ऊन समोर असलं की त्या बाजूचं काहीच दिसायचं नाही, नुसता उजेड. मुलगी तेव्हा माहेरी आली होती. ताटात वाढलेलं लिंबाचं लोणचं मी दोनदा चाचपडलं, आणि तिनं पकडलं. मला मलकापूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे तीच घेऊन गेली. डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू आहे, कमी वयात आलाय, काढून टाकू. मी म्हणालो, स्पर्धा झाली की काढू. परतीच्या एसटीत मी तिला म्हणालो, "हे कोनाले सांगू नको." ती म्हणाली, "नाई सांगत." एवढंच बोलणं झालं. शपथ घ्यायला लावावी असं ते माणूस नव्हतं. लहानपणापासून माझ्या घरात मी खरं बोलायचो ते तिच्याशीच. बायकोशी बोलताना मी मास्तर असायचो, गावात बोलताना मागच्या रांगेतला गडी. तिच्यापुढे मी नुसता तिचा बाप असायचो.

मला एवढंच हवं होतं की शेवटचा एक सामना आपल्या मैदानावर जिंकावा, टाळ्या घ्याव्यात, 'आता पुरे' असं आपल्याच तोंडानं म्हणावं, आणि मग डोळा डॉक्टरच्या हवाली करावा. कुणी म्हणायला नको की मास्तरला दिसेना म्हणून बसवला. झाकली मूठ सव्वालाखाची, आणि ती मी त्या एका सामन्यापुरती झाकून धरली होती.

त्यात त्या साली अधिक महिना आला ऐन उन्हाळ्यात. अधिकात लेक-जावयाला बोलवायचं, धोंड्याचं जेवण घालायचं, जावयाला वाण द्यायचं, हे काही चुकत नाही. त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. मुलगी चार दिवस आधीच आली होती, आणि जावई सामन्याच्या दिवशी संघासोबत येणार होता. भाईच्या डोक्यात कल्पना आली. तो म्हणाला, "मास्तर, एकट्या जावयाले काऊन बोलावता? पूरा संघ बोलावा जेवाले. पुरणाचे धोंडे, वर तूप. आग्रह करकरून चारा. मग पाहू संध्याकाळी कोन उडते ते."

मला कल्पना फार आवडली. पाहुण्याचा पाहुणचारही झाला आणि पोट जड करून त्याला मैदानात उतरवलाही. कुणी नाव ठेवायची सोयच नाही. बायकोनं सकाळपासून पुरण शिजवलं. धोंडे म्हणजे पुरण भरून केलेले कणकेचे गोळे, एक खाल्ला तरी माणूस दुपारी आडवा होतो. मुलगी बसून गोळे वळत होती आणि भाईचा बेत ऐकून हसत होती. मीही हसत होतो.

पंगत बसली. बायकोनं जावयाला ओवाळलं, मी त्याच्या हातात वाण दिलं, वाकून नमस्कार केला. अधिकात सासऱ्यानंच वाकायचं असतं. मग वाढायला सुरुवात झाली आणि घोटाळा झाला. पाहुणे अर्धा-अर्धा धोंडा चिवडून हात धुवायला उठायला लागले. "उन्हाचं पचत नाई, मामा," जावई म्हणाला आणि ताकाचा पेला पिऊन मोकळा झाला. इकडे पाहुण्यांना आग्रह करायला म्हणून आमचा संघ पंगतीत सोबत बसवला होता. यजमानानं हात आखडता घेतला तर पाहुणा काय खाईल, ही आमची रीत. आमच्या गड्यांनी रीत मनापासून पाळली. भाईनं तर पाहुण्यांना दाखवून दाखवून तुपात बुडवून खाल्ले, आणि शेवटी त्यालाच ढेकर आवरेना. मला तेव्हा वाटलं, पगारी गडी आहेत, जिभेवर ताबा ठेवायला शिकलेले आहेत. मुलीनं त्यांना आधीच सावध केलं असेल हे माझ्या मनातही आलं नाही.

सामना ऊन उतरल्यावर सुरू झाला. टँकरनं पाणी मारून मैदान दाबलं होतं, तरी पायाखालून वाफ येत होती. आमचं मैदान पूर्व-पश्चिम आहे. एका बाजूला उभं राहिलं की मावळतं ऊन पाठीवर, दुसऱ्या बाजूला उभं राहिलं की थेट तोंडावर. नाणेफेक पाहुण्यांनी जिंकली. जिंकणारा पाठीवर ऊन घेतो, हे शेंबडं पोरही सांगेल. त्यांनी तोंडावरचं ऊन मागून घेतलं. बांधावर हशा पिकला. भाई मागे वळून मला म्हणाला, "ऊन लागलं यायच्या टकुऱ्याले." मीही मनात म्हटलं, धोंडा अर्धाच खाल्ला पण चढलेला दिसतो.

पहिला डाव आम्ही जिंकला. माझ्या उजवीकडे कॉलेजात जाणारा एक नवखा गडी होता, त्याचा पाय कच्चा. पाहुणे त्याच्यावर मारत राहिले, सगळेच संघ मारायचे. मी दोन पावलं सरकून त्याचे अर्धे चेंडू घेत होतो. जावयाचे दोन फटके मी असे परत केले की बांधावरच्या माझ्या विद्यार्थ्यांनी उठून नाचायला सुरुवात केली. माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढली होती. ज्यांनी मला वर्गात शिव्या दिल्या असतील तेही ओरडत होते. मी इतका खूश होतो की डोळा आहे हेच विसरलो.

दुसऱ्या डावाला बाजू बदलल्या. सूर्य तोवर बाभळींच्या शेंड्यांवर उतरला होता आणि थेट आमच्या तोंडावर होता. पहिलाच चेंडू माझ्या डावीकडून आला. मी हात नेले तोवर तो मागे पडलेला. असं होतं कधीकधी. दुसरा चेंडूही डावीकडूनच. तिसरा उंचावरून, बरोबर उन्हातून. नवखा गडी उजवीकडे रिकामा उभा होता, त्याच्याकडे एक चेंडू जाईना. मला घाम फुटला. मी त्या गड्याला म्हणालो, "माझ्या जागेवर ये." आम्ही जागा बदलली. आता मधोमध तो होता, आख्ख्या संघातला कच्चा गडी, आणि मी उजव्या कोपऱ्यात. कुणीही मधोमधच मारला असता. जावयानं मूठ उचलली, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि चेंडू कोपऱ्यात आला, माझ्या डाव्या खांद्याला घासून गेला.

तेव्हा मला कळलं की त्यांना जागा नको होती, मी हवा होतो. आणि मीही नव्हे, माझा डावा डोळा. पहिल्या डावात ऊन त्यांनी मुद्दाम तोंडावर घेतलं होतं, म्हणजे सूर्य खाली उतरेल तेव्हा ते माझ्या तोंडावर यावं. पहिला डाव त्यांनी त्यासाठी सोडूनच दिला असेल. ही गोष्ट जगात तीन माणसांना माहीत होती. एक मी. दुसरा डॉक्टर, त्याला शूटिंगचं देणंघेणं नाही. तिसरं माणूस बायकांच्या बाजूला, शाळेच्या ओट्यावर, आईच्या शेजारी बसलं होतं.

मी तिकडे बघितलं. नेमकं उजव्या डोळ्यानं बघितलं, त्यामुळे स्पष्ट दिसलं. सगळ्या बायका जावयाकडे बघत होत्या. ती माझ्याकडे बघत होती, आणि माझी नजर गेली तशी तिनं पदर सारखा करायला मान खाली घातली.

त्यानंतर मी कसा खेळलो ते विचारू नका. दुसरा डाव गेला. तिसऱ्याच्या पहिल्या भागात ऊन पाठीवर होतं, आम्ही पुढे होतो, मी रागानं खेळत होतो आणि राग चांगला खेळतो. मग नियमाप्रमाणे अर्ध्यावर बाजू बदलल्या. भाई मधल्या पाण्याच्या वेळी म्हणाला, "मास्तर, काय होऊन राह्यलं तुमाले? पोट जड झालं का?" मी म्हणालो, "हो, पोट." पुढे डावीकडून येणारे चेंडू मी आवाजावरून घ्यायचा प्रयत्न केला. एक घेतलाही. बाकीचे गेले. शेवटचा चेंडू माझ्या जावयानं हलकेच मारला, जोर नाहीच, नुसता उन्हात ठेवला. तो माझ्या पायाशी पडल्याचा आवाज मी ऐकला.

पाहुण्यांनी ढाल उचलली. आमच्या मैदानावरून ती पहिल्यांदाच बाहेर जात होती. हरलो तरी पाहुण्यांना हार घालायचा असतो, मी रांगेत उभा राहिलो. जावयाच्या गळ्यात हार घातला. त्याचे डोळे भरून आले होते. तो पोरगा वाईट नाही, हेच तर दुखणं. तो वाकला, माझ्या पायाला हात लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "मामा, ते डोळ्याचं आता लवकर करून घ्या. मोतीबिंदू वाढवू नये." त्याला वाटलं तो काळजी करतोय. माझ्या एका बाजूला भाई होता, दुसऱ्या बाजूला आख्खा संघ. एका वाक्यात मूठ उघडली, आणि आत काही नव्हतं.

भाईनं जाळं सोडलं, गुंडाळलं, खांद्यावर टाकलं. मग माझ्यापाशी येऊन थांबला. "तुमचा डोळा गेला," तो म्हणाला, "अन मले ते पाहुन्याकडून समजते." मी म्हणालो, "भाई, मी सांगनार होतो." तो म्हणाला, "कोनाले? त्यायले सांगतलं, तं मले सांगाले काय झालं होतं?" मी कोणालाच सांगितलं नव्हतं, हे त्याला पटवायचं तर मुलीचं नाव घ्यावं लागलं असतं. मी घेतलं नाही. तो जाळं घेऊन निघून गेला. त्याला वाटलं मी त्याचा घात केला. त्याच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं, पण त्याच्या जागी उभं राहायची त्या दिवशी माझी तयारी नव्हती. माझ्याच वाट्याला पुरेसं आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई मुलीला न्यायला येणार होता. बायको ओटी भरायचं सामान काढत होती. कालपासून ती माझ्याशी बोलत नव्हती. नवऱ्याला दिसत नाही हे तिलाही मैदानावरच कळलं होतं. मुलगी अंगणात बॅग भरत होती. मी खाट ओढून तिच्यासमोर बसलो.

"तूच सांगतलं," मी म्हणालो.

तिनं कपड्यांची घडी घालणं थांबवलं नाही. "हाव," ती म्हणाली. "मीच सांगतलं. धोंड्याचंही मीच सांगतलं."

मी तिच्याकडून निदान एक 'नाही' अपेक्षिलं होतं. नाकारली असती तर मी ओरडलो असतो, रडली असती तर मी गप्प बसलो असतो. या दोन्हींची तयारी मी रात्रभर केली होती. तिसऱ्याची केली नव्हती.

"काऊन?"

"मागच्या दोन स्पर्धा त्यायचा संघ हरला, बाबा. शेठ म्हने, ही गेली तं तुमी घरी बसा. ते जेवत नोते. मी पाहून राह्यली होती."

"अन माह्या डोळ्याचा सौदा केला."

आता तिनं माझ्याकडे बघितलं. "तुमचा डोळा डॉक्टर साफ करून देते. त्यायची जागा गेली असती तं कोनता डॉक्टर देते?"

मी म्हणालो, "मले म्हनायचं होतं. मी बसलो असतो बाहेर."

"नसते बसले," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुमाले आता खेळायचं नोतं, बाबा. तुमाले फक्त टाळ्या घ्याच्या होत्या. त्यायले खेळायचं हाये अजून."

माझ्याच पोटी जन्मलेलं, मीच बोलायला शिकवलेलं माणूस माझ्यासमोर बसून माझं खरं सांगत होतं, आणि ते सांगायला मी तिला कधी परवानगी दिली नव्हती. आपलेच दात, आपलेच ओठ. लोक म्हणतात लेक दिली की परक्याची होते. मी कधी मानलं नाही. परक्याची झाली असती तर एवढं लागलं नसतं. ती माझीच होती, माझं सगळं जाणत होती, म्हणून तर तिला नेमकं कुठे मारायचं ते सांगता आलं.

तेवढ्यात जावयाची मोटारसायकल दारात आली. बायकोनं ओटी भरली. दोघं जोडीनं पाया पडली. अधिक महिना, दारात लेक-जावयाची जोडी, आशीर्वाद अडवून कसा धरणार? मी दिला. तोंडानं दिला. ढाल शेठनं ठेवून घेतली होती, जावयाजवळ नुसता कालचा हार होता, हँडलला अडकवलेला, उन्हानं करपलेला.

डोळ्याचं ऑपरेशन श्रावणात केलं. मुलीनं फोनवर दोनदा तारीख विचारली, "मी येते संगं," म्हणाली. मी म्हणालो, अजून ठरलं नाही. ठरलं होतं. मी शाळेतल्या शिपायाला सोबत घेऊन गेलो आणि पट्टी बांधून संध्याकाळच्या एसटीनं परत आलो. आता मला दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसतं. बांधावरून सामने बघतो, सल्ले देतो. भाई हल्ली बोलतो, पण कामापुरतं. जावई त्याच संघात आहे आणि म्हणतात की त्याच्यासारखा मारणारा आता आसपासच्या तालुक्यांत नाही. मला आनंद होतो. खोटं कशाला बोलू, होतो. आणि तो आनंद व्हायला लागला की लगेच मी विषय बदलतो.

मुलीचा फोन दर आठवड्याला येतो. मी पाऊसपाणी सांगतो, कपाशी सांगतो, शाळेतल्या गमती सांगतो. गेल्या काही महिन्यांपासून मला जिना चढताना छातीत भरून येतं. घाम सुटतो, मग जातो. कोणाला सांगितलेलं नाही. सांगायचं असतं तेव्हा ज्या माणसाला सांगायचो, त्याला आता सांगवत नाही. परवा फोनवर बोलता बोलता मी जिना चढायला लागलो आणि मधे थांबलो. तिकडे तीही थांबली.

"बाबा, काही होऊन राह्यलं का तुमाले?"

"नाही," मी म्हणालो. "काही नाही."

फोनमधून मला तिचा श्वास ऐकू येत होता.

"मले नका सांगू," ती म्हणाली. "पन आईले तं सांगा."